ऑक्टोबरफेस्ट: पिंपाचा पहिला ठोका, सोनेरी बिअर आणि ब्रेझनचं तपकिरी कवच

इझारकाठ

जर्मनीतल्या म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या जत्रेबद्दल तेच प्रश्न दरवर्षी वेगवेगळ्या धाग्यांवर येतात आणि उत्तरं चार ठिकाणी विखुरतात. म्हणून हा एकच धागा. इतिहास, बिअर, खाणं, तंबूतले नियम, सगळं इथेच येऊ द्या. प्रवासवर्णनं कृपया त्यांच्या धाग्यावर.

आधी पाया. उत्सव १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपतो. तो रविवार १ किंवा २ तारखेला आला तर ३ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जर्मन एकीकरण दिनापर्यंत लांबतो. एकूण १६ ते १८ दिवस. जागा टेरेझिएनवीझं नावाचं ४२ हेक्टरचं मैदान. म्युनिककर मैदानाला आणि उत्सवालाही नुसतं 'वीझन' म्हणतात. १४ मोठे तंबू, वीसेक छोटे, बाकी पाळणे आणि टपऱ्या.

मैदानात आणि तंबूत प्रवेश फुकट आहे. तिकीट म्हणून कोणी काही विकत असेल तर पैसे देऊ नका. अपवाद फक्त दक्षिण कोपऱ्यातल्या 'ओइडं वीझन' या जुन्या पद्धतीच्या जत्रेचा. ती २०१० साली द्विशताब्दीला पहिल्यांदा भरली. तिथे प्रवेशाला ४ युरो पडतात, पण आत पाळणे स्वस्त आणि गोंगाट कमी. बिअर फक्त सहा म्युनिकच्या ब्रुअरींची: ऑगस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, लोव्हेनब्रॉय, पाउलानर, श्पाटेन. २०२५ साली एक लिटरच्या मगाचा भाव तंबूगणिक १४.५० ते १५.८० युरो होता. त्याहून लहान माप मोठ्या तंबूत सहसा मिळत नाही.

शंकासुर

लग्नाच्या मेजवानीतून हा उत्सव सुरू झाला म्हणतात. त्या लग्नात बिअरचे तंबू होते का? आणि ऑक्टोबरचा उत्सव सप्टेंबरात कसा काय?

दप्तरी

लग्न खरं, तंबू नव्हते. १२ ऑक्टोबर १८१० ला, म्युनिक ज्याची राजधानी त्या बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि साक्से-हिल्डबुर्गहाउझेनची राजकन्या टेरेझं यांचं लग्न झालं. पाच दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, शहराच्या वेशीबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत भरली. कल्पना राष्ट्रीय रक्षक दलातला मेजर आन्द्रेआस डाल'आर्मी याची, मान्यता राजा माक्सिमिलियान पहिला याची. मैदानाला नाव वधूचं. म्हणजे मुळात ही शर्यत होती. खाणंपिणं होतं, पण बाजूच्या चढावर, बघ्यांसाठी.

यामागचं राजकारण लक्षात घ्यायला हवं. बव्हेरिया राज्य झालं ते १८०६ साली, नेपोलियनच्या कृपेने. फ्रँकोनिया, श्वाबिया हे मुलूख नुकतेच जोडलेले. त्यांना 'आपण सगळे बव्हेरियन' असं वाटायला लावणं ही दरबाराची गरज होती. म्हणून शर्यतीआधी वेगवेगळ्या भागांच्या पोशाखात मुलांच्या जोड्या राजघराण्याला मानवंदना द्यायला आणल्या. आजची पोशाखांची मिरवणूक बघताना हे आठवलं तर तिचा अर्थ लागतो.

१८११ साली शेतकी संघटनेने जनावरांचं प्रदर्शन जोडलं आणि उत्सव वार्षिक झाला. ते शेतकी प्रदर्शन अजून आहे, पण काही वर्षांच्या अंतराने. १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धामुळे पहिल्यांदा खंड पडला. १८१८ साली पहिला चक्री पाळणा आला. १८१९ पासून आयोजन नगरपालिकेकडे, ते आजतागायत. म्हणजे हा कुठल्या कंपनीचा कार्यक्रम नाही. तंबूची जागा कोणाला, पाळणा कोणाचा, बंद किती वाजता, सगळं नगरपालिका ठरवते.

१८५० साली मैदानाच्या पश्चिम काठावर बव्हेरियाचा कांस्यपुतळा उभा राहिला. शिल्पकार लुडविग श्वानथालर, ओतकाम फर्डिनांड फॉन मिलर. पुतळाच साडेअठरा मीटर उंच, आतून जिना डोक्यापर्यंत जातो. १८५४ साली कॉलऱ्यामुळे उत्सव रद्द झाला आणि त्याच साथीत, २६ ऑक्टोबरला, खुद्द टेरेझं राणी गेली. जिच्या लग्नावरून हे सगळं सुरू झालं तिचा शेवट असा, हे फारसं कोणी सांगत नाही. १८७३ ला पुन्हा कॉलरा. १९२३ आणि १९२४ ला महागाई, दोन्ही महायुद्धांत बंद, २०२० आणि २०२१ ला करोना.

आता सप्टेंबर. ऑक्टोबरात म्युनिकला थंडी आणि पाऊस लवकर गाठतात, संध्याकाळी बाहेर बसवत नाही. म्हणून १८७२ पासून सुरुवात सप्टेंबरात ओढली. ऑक्टोबरचा पहिला रविवार तेवढा नावापुरता राखला.

विजेचे दिवे १८८५ साली आले. ते बसवणारी कंपनी आल्बर्ट आइन्स्टाइनच्या वडलांची आणि काकांची. आइन्स्टाइनने स्वतः दिवे लावले ही गोष्ट मात्र चघळण्यापुरतीच.

वार्षिक शर्यती १९३८ ला थांबल्या. त्यानंतर ठळक प्रसंगीच, जसं २०१० ला.

पिंपळपान

दप्तरी, एक राहिलं. २६ सप्टेंबर १९८० च्या रात्री मुख्य प्रवेशद्वारापाशी अतिउजव्या विचाराच्या तरुणाने बॉम्ब ठेवला. तो स्वतः धरून १३ जण गेले, दोनशेहून अधिक जखमी. स्मारक त्याच दारापाशी आहे. आजच्या पिशव्यांच्या नियमांवर वैतागणाऱ्यांनी तिथे मिनिटभर थांबावं. नियम असा: ३ लिटरहून मोठी पिशवी आत नाही, मापं साधारण २० बाय १५ बाय १० सेंटिमीटर. पाठीवरची सॅक आणली तर दारातूनच परत किंवा सशुल्क सामानघरात. काचेच्या बाटल्यांना बंदी.

हॉप्सवाला

बिअरबद्दल. दुकानात 'ऑक्टोबरफेस्ट' लिहिलेली तांबूस, माल्टचा (मोड आणून भाजलेल्या जवाचा) गोडवा असलेली बाटली मिळते ती खरी, तंबूतली फिकट बिअर हा नंतरचा बाजारू बदल. माझं मत ठाम आहे.

फेसाळ

हॉप्सवाले, अर्धं मान्य. क्रम असा आहे.

सुरुवातीची अनेक दशकं तिथे गडद तपकिरी बिअर प्यायली जायची. म्युनिकच्या पाण्यात कार्बोनेट जास्त, त्याला गडद भाजलेलं माल्ट मानवतं. फिकट माल्ट वापरलं की त्या पाण्यात हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडूपणा खरखरीत लागतो. आज पाण्यावर प्रक्रिया करता येते, तेव्हा येत नव्हती.

'मेर्त्सेन' म्हणजे मार्चची बिअर. १५५३ च्या बव्हेरियन फर्मानाने २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर करायला परवानगी होती, कारण उन्हाळ्यात भलतेच जीवाणू शिरून माल आंबट व्हायचा आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. मग मार्चमध्ये जरा दमदार, जास्त हॉप्सची बिअर करून बर्फ भरलेल्या तळघरात उन्हाळाभर ठेवायची. उरलेली शरदात संपवायची.

तांबूस मेर्त्सेन वीझनवर आली १८७२ साली, फ्रान्झिस्कानर-लाइस्ट ब्रुअरीची, शोटेनहामेलच्या तंबूत. त्याच दशकात कार्ल फॉन लिंडं यांची शीतयंत्रं श्पाटेनमध्ये बसली, आणि बर्फाची, ऋतूची अट हळूहळू सुटली. तांबूस रंगाने पुढे शंभर वर्षं राज्य केलं. १९७० च्या दशकात पाउलानरने फिकट सोनेरी आवृत्ती आणली, कारण जाड माल्टी बिअर दुसऱ्या लिटरला पोटात बसते. हळूहळू सगळे तिकडे वळले. आज तंबूत मिळते ती सोनेरी, मूळ अर्क (आंबवण्याआधी पाण्यात उतरलेला माल्टचा अंश) किमान साडेतेरा टक्के, मद्यार्क ६ टक्क्यांच्या आसपास. हॉप्सचा कडूपणा बेताचा. खालच्या थराला बसणारं यीस्ट, ८ ते १० अंशांवर आंबवण, मग शून्याच्या जवळ काही आठवडे मुरवण. मुरवण आखडती घेतली की गंधकाचा आणि लोण्यासारखा वास राहतो.

मुद्दा काय, तर 'खरी' एकच नाही. गडद, तांबूस, सोनेरी, तिन्ही आपापल्या काळात खऱ्या. पण आज वीझनवर तांबूस मागितलीत तर सहसा मिळणार नाही.

हॉप्सवाला

पाणी, माल्टचा क्रम मान्य. चवीबाबत माघार नाही. आणि सहा नावं म्हणजे सहा मालक नव्हेत हेही लिहा. श्पाटेन आणि लोव्हेनब्रॉय एकाच बहुराष्ट्रीय समूहाच्या, पाउलानर आणि हाकर-प्शोर दुसऱ्या एका समूहाच्या. होफब्रॉय बव्हेरिया सरकारची. ऑगस्टिनरचा मोठा वाटा एका धर्मादाय न्यासाकडे. वीझनवर ऑगस्टिनर अजून २०० लिटरच्या लाकडी पिंपांतून ओतते, बाकीच्या बहुतेकांकडे स्टीलच्या टाक्या. लाकडातली बिअर थोडी मऊ लागते, कारण तीत वायू कमी असतो.

शंकासुर

इतर ब्रुअरी का नाहीत? आणि मगात निम्मा फेस असेल तर काय करायचं?

फेसाळ

नगरपालिकेचा नियम: म्युनिकमध्ये गाळलेली म्युनिकची बिअरच. 'म्युनिकची बिअर' हे नाव युरोपात संरक्षित आहे आणि त्यासाठी पाणी शहराच्या हद्दीतल्या खोल विहिरीचं लागतं. गीझिंगर नावाच्या लहान ब्रुअरीने त्यासाठी दीडशे मीटरहून खोल विहीर खणली. नाव लावायचा हक्क मिळाला, मोठ्या तंबूची जागा अजून नाही.

फेसाचं: मगावर एक लिटरची रेघ असते. दोन मिनिटं थांबा, फेस बसू द्या, मग रेघ बघा. खाली असेल तर न पिता परत द्या, भरून देणं त्यांना भाग आहे. अर्धा संपवून तक्रार केली तर काही उपयोग नाही. कमी ओतण्याविरुद्ध म्युनिकमध्ये चक्क एक संघटना आहे, पहिली १८९९ सालची. म्हणजे तक्रार नवी नाही.

रिकामा मग साधारण १.३ किलो, भरला की २.३. धरताना दांड्याच्या आत चार बोटं घालून तळहात काचेला टेकवावा, नुसत्या दांड्यावर वजन पेलू नये. टकरावताना तळाकडचा जाड भाग लावायचा. वरच्या कडेला आपटला तर काच तडकते. मग घेऊन पळणं हा चोरीचा गुन्हा आहे, दारावर पिशव्या तपासतात. हवा असेल तर विकत मिळतो.

तोटीवाला

पहिल्या पिंपाचं सविस्तर लिहितो, कारण टीव्हीवर तेवढंच दाखवतात आणि त्यातली मेख कोणी सांगत नाही.

पहिल्या शनिवारी सकाळी तंबूमालक आणि ब्रुअरींची मिरवणूक निघते. पुढे घोड्यावर 'म्युन्शनर किंडल', म्हणजे शहराच्या मानचिन्हातल्या बालसंन्याशाच्या काळ्यापिवळ्या वेषातली तरुणी. मागे ब्रुअरींचे सजवलेले, पिंपं लादलेले घोड्यांचे गाडे. ठीक बाराला शोटेनहामेलमध्ये महापौर पिंप फोडतो. ही प्रथा १९५० पासून, पहिला महापौर थॉमस विमर.

साहित्य: २०० लिटरचं लाकडी पिंप, पितळी तोटी, लाकडी मोगरी, चामड्याचा एप्रन. पिंपाच्या समोरच्या तबकडीत खाली बुचाने बंद केलेलं भोक असतं. क्रम असा:

तोटी बंद आहे हे आधी बघायचं. हे विसरलं की पहिल्याच ठोक्याला नळ सुटतो.

तोटीचं टोक बुचावर काटकोनात धरायचं. तिरकं धरलं तर बूच एका बाजूने आत जातं आणि फटीतून दाबाखालची बिअर फवाऱ्यासारखी उडते.

पहिला ठोका जोरात आणि अचूक. बूच आत ढकललं जातं तोच क्षण धोक्याचा. घाबरून हळू मारलं की बूच अर्धवट सरकतं, गळती सुरू होते आणि मग कितीही ठोका, तोटी नीट बसत नाही.

दुसरा ठोका तोटी घट्ट बसवायला. अनुभवी माणसाला दोन पुरतात. महापौर क्रिस्टियान उडं यांनी २००५ साली दोन ठोक्यांत केलं तेव्हापासून सगळ्यांवर तेच दडपण. काय हा ताण.

मग 'ओ त्साप्फ्ट इस!' (पिंप फुटलं!) अशी आरोळी, बाहेर तोफांचे बारा बार, आणि तेव्हाच बाकीच्या तंबूंत बिअर वाढायला सुरुवात. त्याआधी कोणालाच नाही. पहिला मग बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्याला.

घरगुती लाकडी किंवा पत्र्याच्या ५-१० लिटरच्या पिंपालाही हेच लागू. शिवाय एक: थोडी बिअर काढली की वरचं हवेचं भोक उघडा, नाहीतर आत निर्वात होऊन धार गुडगुडत थांबते. पिंप आदल्या दिवसापासून हलवू नका आणि ७-८ अंशांवर थंड ठेवा. कोमट, हललेलं पिंप म्हणजे निव्वळ फेस.

पिंपळपान

त्याला जोडून बाकीचं वेळापत्रक. पहिल्या रविवारी पोशाख आणि नेमबाज संघांची मिरवणूक, सुमारे ९,००० लोक, ७ किलोमीटर, शहराच्या मध्यातून. दुसऱ्या रविवारी सकाळी बव्हेरियाच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सगळ्या तंबूंच्या वाद्यवृंदांचं एकत्र वादन. ते फुकट आहे आणि हुल्लड नसते, म्हाताऱ्या आईवडलांना न्यायचं असेल तर हाच दिवस. शेवटच्या रविवारी तिथेच हातबंदुकांचे बार.

२००५ पासून संध्याकाळी सहापर्यंत तंबूत फक्त ब्रास बँड, तोही ८५ डेसिबलच्या आत. दिवसा कुटुंबं आणि वयस्क लोक यावेत म्हणून. सहानंतर पॉप गाणी आणि बाकांवर उभं राहणं. बाकावर चालतं, टेबलावर चढलात तर रखवालदार बाहेर काढतो.

खवय्या_नाशिक

आता खाण्याकडे या की. शाकाहारी लोक काय खातात तिथे? आणि कोंबडीची मूळ पद्धत कोणी देईल का?

मुळारस

कोंबडी, म्हणजे 'हेंडल', १८८१ पासून वीझनवर आहे. मसाला जवळजवळ नाहीच.

१.२ किलोची अख्खी कोंबडी. आतून-बाहेरून पुसून पूर्ण कोरडी करायची, शक्य तर उघडीच फ्रिजमध्ये ४-५ तास. पोटात मीठ, मिरपूड आणि पार्सलीची अख्खी जुडी. पार्सली आतून वाफ देते, वास तिचाच. बाहेरून ५० ग्रॅम वितळलेलं लोणी, एक चमचा गोड पेपरिका, मीठ. १८० अंशांवर ६५-७० मिनिटं, दर वीस मिनिटांनी लोणी फासून. मांडीच्या जाड भागात ७५ अंश झालं पाहिजे. मग दहा मिनिटं तशीच ठेवून उभी दोन तुकडे.

बिघडतं कुठे: कातडी ओली राहिली तर ती उकडते, कुरकुरीत होत नाही. ओव्हन २०० च्या वर नेला तर पेपरिका करपून कडू होते. काश्मिरी मिरची वापरली तर रंग येतो पण तिखटपणाही येतो. थोडीच घ्या. दह्यात, आलं-लसणात मुरवलीत तर ती छान तंदुरी होईल, हेंडल होणार नाही.

मुळा: तिथला 'राडी' आपल्या पांढऱ्या मुळ्याचा भाऊ, आपलाच मुळा चालतो. कोवळा, जाड घ्या, जून झालेला आतून पोकळ असतो. मध्यातून काडी खुपसायची, सुरी किंचित तिरकी धरून काडीपर्यंत कापत मुळा फिरवत न्यायचा, म्हणजे सलग गुंडाळी निघते. पातळ ओढून उघडायची, मीठ भुरभुरायचं, दहा मिनिटं थांबायचं. पाणी सुटलं की उग्रपणा जातो. अर्धा तास ठेवला तर लिबलिबीत होतो. म्हणून आधी करून ठेवू नये.

ओबात्झडा: २०० ग्रॅम पिकलेलं, मऊ कॅमेम्बर्ट चीज, ७० ग्रॅम लोणी, दोन्ही खोलीच्या तापमानाला. काट्याने चेपायचं, मिक्सर नको, त्याने चिकट खळ होते. एक चमचा गोड पेपरिका, पाव चमचा शहाजिऱ्यासारखं दिसणारं कॅरवे, मिरपूड, २-३ मोठे चमचे बिअर. बारीक कांदा वाढायच्या क्षणी. आधी मिसळला तर तासाभरात कडवट वास येतो आणि अख्खा वाडगा फुकट जातो. २०१५ पासून या पदार्थाला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे.

काडीवरचा मासा हवा असेल तर 'फिशर-व्रोनी' तंबू. निखाऱ्यांशेजारी तिरक्या काड्या रोवून बांगड्याच्या जातीचा माकरेलं भाजतात. कोकणी माणसाला तिथे फार समजावून सांगावं लागत नाही. अख्ख्या भाजलेल्या बैलासाठी 'ओक्सेनब्राटेराय' तंबू, तोही १८८१ पासून.

शाकाहारी: चीज घातलेले स्पेत्झलं (अंड्याच्या पिठाच्या जाड शेवया), मशरूमच्या सॉसमधले पावाचे गोळे, ओबात्झडा, ब्रेझन (पीळ दिलेला खारा पाव), वाफवलेला गोड डाम्फनुडल, काइझरश्मार्न (तुकडे केलेलं गोड धिरडं). पण तीन सापळे. एक, आंबट किंवा जांभळा कोबी बहुधा डुकराच्या चरबीत किंवा स्पेक (डुकराचं खारवलेलं मांस) घालून शिजवतात. दोन, गोळ्यांवरचा तपकिरी रस्सा मांसाचा असतो, मशरूमचा मागितला तरी खात्री करा. तीन, गोळ्यांत आणि स्पेत्झलंमध्ये अंडं असतंच.

खवय्या_नाशिक

स्पेत्झलं घरी? साचा नाहीये.

मुळारस

सोऱ्या आहे ना? जाड शेवेची ताटली लावा. ४०० ग्रॅम मैदा, ४ अंडी, १५० मिली पाणी, मीठ. लाकडी चमच्याने बुडबुडे येईपर्यंत फेटा, वीस मिनिटं ठेवा. चमच्यावरून जड, सलग ओघळायला हवं. घट्ट राहिलं तर सोऱ्यातून उतरत नाही, सैल झालं तर पाण्यात विरघळतं. उकळत्या मिठाच्या पाण्यात थेट पाडा, वर तरंगले की झाऱ्याने काढा. २५० ग्रॅम किसलेलं एमेंटाल चीज थर देऊन घाला, वर तळलेला कांदा. चीज ताज्या गरम थरावर पडलं तरच तार सुटते.

मैद्याचं पोतं

ब्रेझनसाठी थांबलो होतो. इथे लोक खाण्याचा सोडा उकळत्या पाण्यात टाकतात आणि मग 'रंग का नाही आला' विचारतात.

पीठ: ५०० ग्रॅम मैदा, २७० मिली कोमट पाणी आणि दूध मिळून, १० ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम लोणी, ६-७ ग्रॅम कोरडं यीस्ट, एक चमचा साखर. पीठ पुरीपेक्षा थोडं सैल, पोळीपेक्षा घट्ट. दहा मिनिटं मळा. अर्धा तास झाकून. मग सात गोळे.

प्रत्येक गोळा ५५-६० सेंटिमीटर लांब वळायचा, मध्ये जाड, टोकं पेन्सिलीहून बारीक. आखडत असेल तर ओढू नका, पाच मिनिटं सोडा. टोकांना दोनदा पीळ देऊन खांद्यावर चिकटवा. वीस मिनिटं फुगू द्या, मग न झाकता ४५ मिनिटं फ्रिजमध्ये. वर साल धरते. ही पायरी टाळली की द्रावणात बुडवताना आकार मोडतो.

द्रावण. बेकऱ्यांत ४ टक्के कॉस्टिक सोडा: एक लिटर थंड पाण्यात ४० ग्रॅम, खाद्य दर्जाचाच. नेहमी सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही नाही, उसळतं. हातमोजे, चष्मा, मुलं लांब. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचा ट्रे किंवा फॉइल अजिबात नको, द्रावण त्याला खातं आणि ते ब्रेझनला लागतं. पंधरा सेकंद बुडवून काढा.

कॉस्टिक नको असेल, आणि घरी मुलं असतील तर नकोच, तर खाण्याचा सोडा भाजा: १०० ग्रॅम पसरून १३० अंशांवर तासभर. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं, वजन सुमारे ६३ ग्रॅम भरलं की धुण्याचा सोडा तयार झाला. वजन कमी झालं नसेल तर अजून भाजा. १०० ग्रॅम भाजलेला सोडा अर्ध्या लिटर पाण्यात, त्यात तीन मिनिटं, मग साध्या पाण्यातून काढायचं. तोही हाताला चावतो, मोजे घालाच. न भाजलेल्या सोड्याने रंग बिस्किटासारखा फिका येतो, कारण क्षार पुरेसा तीव्र नसतो. क्षारामुळे पृष्ठभागावरची प्रथिनं आणि साखर झपाट्याने तपकिरी होतात, चवही त्यातूनच.

जाड मीठ टाका. २२० अंशांवर १५ मिनिटं. बव्हेरियन ब्रेझनला चीर देत नाहीत, ती आपोआप फुटते. पोटावर सुबक चीर असेल तर ती श्वाबियन. मीठ लावून डब्यात भरून ठेवलीत तर मीठ ओल ओढतं आणि कवच चामड होतं, त्याच दिवशी संपवा.

खवय्या_नाशिक

साखरेचे बदाम राहिले, ते भाजताना सगळ्या मैदानावर वास असतो म्हणे.

मैद्याचं पोतं

२०० ग्रॅम सालासकट बदाम, २०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, एक चमचा दालचिनी पूड. जाड बुडाच्या कढईत सगळं एकदम, सतत ढवळत. पाणी आटलं की साखर कोरडी, रवाळ होते. बहुतेक जण इथे उतरवतात आणि नंतर साखर गळून पडते. आच कमी करून ढवळत राहा, साखर पुन्हा अर्धवट वितळून बदाम चकाकले की लगेच कागदावर पसरा, दोन काट्यांनी सुटे करा. अर्धं मिनिट जास्त झालं की करपट.

काठपदर

पोशाखावर दोन ओळी, गैरसमज फार आहेत. डिर्न्डल या बायकांच्या पारंपरिक झग्यावरच्या एप्रनची गाठ डावीकडे म्हणजे अविवाहित, उजवीकडे म्हणजे जोडीदार आहे, मागे म्हणजे विधवा किंवा वाढपीण. हे प्राचीन वगैरे काही नाही, अलीकडचं आहे. तरी पाळलं जातं, तेव्हा गाठ कुठे बांधता ते बघा. आणि सगळ्यांनी पारंपरिक पोशाखातच यायचं ही लाटही गेल्या दोन-तीन दशकांतली. आधी बहुतेक लोक साध्या कपड्यांत यायचे. पोशाख संघांची चळवळ मात्र जुनी, १८८३ साली बायरिशत्सेल गावात सुरू झालेली.

चामड्याची पँट घ्यायची तर घट्ट घ्या, ती वापरून सैलावते. धुवायची नाही, ओली झाली तर सावलीत वाळवून चोळायची. उन्हात किंवा हीटरवर टाकली की पुठ्ठा होतो. स्टेशनजवळची दोन आकडी किमतीची सेट बहुधा पातळ रंगवलेली असतात, पावसात रंग पायांवर उतरतो. साडी नेसून गेलं तरी कोणी काही म्हणत नाही, फक्त बाकांवरून ये-जा करताना निऱ्या सांभाळा.

शंकासुर

आरक्षण नाही आणि आम्ही सहा जण, त्यात दोन मुलं. जागा मिळेल?

इझारकाठ

मिळेल. सोमवार ते गुरुवार, दुपारी तीनच्या आत. आरक्षण पूर्ण टेबलांचं असतं, आठ-दहा जणांचं, थेट तंबूकडेच, वसंतात सुरू होतं. सहसा दरडोई दोन मग आणि अर्ध्या कोंबडीची कुपनं आधी विकत घ्यावी लागतात. तिसऱ्या माणसाकडून चढ्या भावाने घेतलेलं आरक्षण तंबू नाकारू शकतो. पण प्रत्येक तंबूत काही भाग बिनआरक्षित ठेवावाच लागतो. शनिवारी सकाळी नऊला दार उघडतं तेव्हाच रांग असते, त्या वाटेला मुलांसह जाऊ नका.

बसल्याशिवाय बिअर वाढत नाहीत. होफब्रॉयच्या तंबूत उभं राहायची जागा आहे, तो अपवाद. टेबलावर जागा दिसली तर विचारून बसायचं, अनोळखी लोकांत बसणं तिथे नेहमीचं. मग ठेवला की लगेच पैसे, दहा टक्क्यांच्या आसपास बक्षिसी. रोख जवळ ठेवा. पीत नसाल तर बिनमद्याची बिअर, लिंबू सरबत मिसळलेला राडलर (त्यात निम्मी बिअर असते, लक्षात ठेवा) किंवा श्पेत्सी (कोला आणि संत्र्याचं पेय मिसळून). तीही सहसा लिटरमध्येच.

सहा वर्षांखालच्या मुलांना रात्री आठनंतर तंबूत थांबता येत नाही. बाबागाडी शनिवारी दिवसभर आणि रोज संध्याकाळी सहानंतर मैदानावर बंद. दोन्ही मंगळवारी कुटुंबांसाठी पाळणे आणि खाणं सवलतीत असतं, त्याच दिवशी जा. मुलांना १९२४ सालची क्रिनोलिनं ही डुलणारी चक्री दाखवा, तिच्यावर खराखुरा बँड वाजतो. शिख्टलचा मुंडकं उडवण्याचा १८६९ पासूनचा खेळ लहानग्यांना नको.

शेवटची बिअर साडेदहाला, बहुतेक तंबू साडेअकराला बंद.

शंकासुर

आभार. मेट्रोने टेरेझिएनवीझं स्टेशनलाच उतरायचं ना?

पिंपळपान

जाताना चालेल, येताना अजिबात नको. रात्री त्या स्टेशनचे दरवाजे गर्दीमुळे मधूनच बंद करतात. यू४ आणि यू५ वर पुढचं श्वानथालरहोहं स्टेशन, बव्हेरियाच्या पुतळ्याच्या मागे, पाच-सात मिनिटं चाल. किंवा दक्षिणेकडून बाहेर पडून यू३, यू६ साठी गोएटंप्लात्स किंवा पोच्चीश्ट्रासं. उपनगरी गाडी हवी असेल तर हाकरब्रुकं, पण तो पूल शनिवारी माणसांनी भरलेला असतो. मुलं असतील तर साडेनऊच्या आत निघा, बंद व्हायच्या वेळेला नाही.